पान्याला जोर लागतो

“मी चावी हळूच फिरवली, बाबा.”

“तुझं हळूच मला माहीत आहे. दार लावतेस तर भिंतीचे पोपडे पडतात.”

“दाराचा इथे काय संबंध?”

“ज्या हाताला दार कळत नाही, त्या हाताला गाडी काय कळणार? इंजिनाला समजून घ्यावं लागतं. कान पिळल्यासारखी चावी पिळायची नसते.”

“बरं. तुम्ही समजून घ्या. मी तोवर लोकांना फोन करून सांगते की उपाशीच बसा, आमच्याकडे इंजिनाची समजूत काढणं चाललंय.”

“जीभ मात्र एका चावीत सुरू होते!”

ही सकाळची सातची आरती नव्हे, आमच्या घरचा नेहमीचा संवाद. अंगणात बॉनेट उघडी टाकलेली आत्याची जुनी पांढरी गाडी, एका बाजूला आत्या, दुसऱ्या बाजूला आजोबा, आणि दोघांच्या मध्ये, गाडीच्या टपावर, बर्फाची निळी पेटी. मी पायरीवर चपला घालून तयार. मला आत्या रोज तिच्या वाटेवर माझ्या ऑफिसजवळ सोडायची, त्यामुळे या नाटकाचा पहिल्या रांगेतला पास मला कायमचा मिळालेला होता.

आजोबांनी रागाने बॉनेट धाडकन आपटली. आत्याने रागाने पुन्हा चावी फिरवली. आणि गाडी सुरू झाली.

“बघितलंस?” आजोबा म्हणाले. “दोष गाडीत नाही.”

आत्याने पेटी उचलली, मागच्या सीटवर ठेवली, पट्टा लावला आणि दात आवळून म्हणाली, “बस गं.”

आत्या रक्त गोळा करायची. म्हणजे एका लॅबसाठी घरोघरी जाऊन लोकांच्या रक्ताची सॅम्पलं घ्यायची आणि ती वेळेत लॅबमध्ये पोचवायची. गल्लीतली पोरं तिला ‘सुईताई’ म्हणत आणि तिची गाडी दिसली की हात पाठीमागे लपवत. तिचा हात इतका हलका होता की सुई टोचून बाहेर निघाली तरी म्हातारी माणसं विचारायची, “घेताय ना?” कितीही लपलेली नस असो, आत्या नुसतं बघत बसायची नाही. डोळे जवळजवळ मिटायची आणि बोटांनी चाचपडत जायची, कोपरापासून खाली, हळूहळू दाबत. “नस दिसत नसते,” ती म्हणायची, “नस लागते.”

पण या कामात हात हलका असून भागत नाही. सकाळी लवकर निघावं लागतं, कारण माणसं उपाशीपोटी वाट बघत बसलेली असतात, आणि उपाशी माणूस फार वेळ सभ्य राहत नाही. काही ट्यूबा ठरलेल्या वेळात लॅबमध्ये पोचल्या नाहीत तर आतलं रक्त निकामी होतं. मग त्याच माणसाला पुन्हा टोचायचं. ते कुणाला आवडेल?

गाडीचं दुखणं साधारण होळीपासून सुरू झालं. चावी फिरवली की समोरचे दिवे छान लागायचे. पुढे फिरवली की आतून एकच ‘टक्’ आणि सगळे दिवे डोळे मिटल्यासारखे बंद. मग कधी पाचव्या प्रयत्नाला सुरू व्हायची, कधी ढकलल्यावर, कधी बॉनेट आपटल्यावर, आणि कधी नाहीच. शिवाय हे रोज नाही. रोज असतं तर कुणाच्याही लक्षात आलं असतं. दोन दिवस तुरुतुरु पळायची आणि तिसऱ्या दिवशी भर रस्त्यात बसकण मारायची.

पहिला आला बॅटरीवाला. त्याने गाडीकडे न बघताच निदान केलं, “बॅटरी मेली.” नवी बॅटरी घातली. गाडी सुरू झाली. आठवडा संपून दुसरा लागला आणि पुन्हा ‘टक्’.

दुसरा वायरमन. त्याने डॅशबोर्डखाली डोकं घालून अर्धी दुपार काढली. त्याचे नुसते पाय बाहेर दिसत होते आणि त्या पायांशी आजोबा भांडत होते.

“अर्थिंग बघितलंस?”

“बघतोय, काका.”

“काका कुणाला म्हणतोस? डेपोचा हेड फोरमन होतो मी.”

“बघतोय, फोरमनकाका.”

त्याने चावीचा सगळा सांगाडाच बदलला. गाडी सुरू झाली. पुढच्या आठवड्यात पुन्हा बंद. आत्या म्हणाली, “दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला.” आणि स्वतःच दचकून हसली, कारण इंजेक्शनवाली तीच.

तिसरा भुवई. त्याचं खरं नाव घरात कुणी घेत नसे. डाव्या भुवईतून एक पांढरी रेघ गेलेली, म्हणून भुवई. तो डेपोत आजोबांच्या हाताखाली तयार झाला होता आणि ती रेघही आजोबांच्याच हातची. पोरगा चुकीचा नट पिळतोय म्हटल्यावर त्यांनी पाना फेकून मारला होता. आजोबा ही गोष्ट चारचौघांत अभिमानाने सांगत. “तो पाना लागला म्हणून आज त्याचं स्वतःचं गॅरेज आहे.” भुवईही हसायचा. त्याचं हसणं त्या रेघेपाशी येऊन अडकायचं.

भुवईने सेल्फ काढला, म्हणजे इंजिनाला पहिला धक्का देणारी मोटर, आणि तिच्या जागी दुसरा बसवला. गाडी सुरू झाली. पुढच्या आठवड्यात...

“हे सगळे चोर आहेत,” आजोबा म्हणाले. “एकजात. माझ्या हातात जोवर गाडी होती तोवर बंद पडली का कधी?”

“आताही तुमच्याच हातात असते की रविवारी,” आत्या सहज म्हणाली. तेव्हा कुणालाच त्यात काही दिसलं नाही. तिलाही नाही.

रविवार आजोबांचा. त्या दिवशी लॅब बंद आणि गाडी उभी. आणि उभ्या गाडीच्या बॅटरीची तार काढून ठेवायची, हा डेपोचा नियम. कधीकाळी उभी बस शॉर्टसर्किटने जळली होती, तेव्हापासूनचा. डेपो सुटला, नियम सुटला नाही. रविवारी सकाळी आजोबा जुना निळा डगला चढवत, गरम पाण्याने आणि झिजलेल्या टूथब्रशने बॅटरीची टोकं घासत, ग्रीस लावत, तार फडक्यात गुंडाळून बाजूला ठेवत. सोमवारी पहाटे, आत्या उठायच्या आत, ती परत लावत. त्या वेळी कुणी जवळ आलेलं त्यांना चालत नसे.

आत्याने पान्याला हात लावलेला तर त्यांना कधीच चालला नव्हता. लहानपणी तिचं काम टॉर्च धरायचं. आजोबा गाडीखाली, आणि फ्रॉकमधली आत्या उकिडवी बसून उजेड दाखवतेय. “डावीकडे. डावीकडे म्हटलं ना! उजेड हलवू नकोस.” शाळा संपल्यावर तिने मोटर मेकॅनिकच्या कोर्सला जायचं म्हटलं. आजोबांनी ताटावरून मान वर न करता सांगितलं, “पान्याला जोर लागतो. बायकांच्या हातात सुई बरी.”

“मग घेतली सुई,” आत्या म्हणायची. “त्यांना वाटलं होतं, शिवणाची घेईन.”

उन्हाळ्यात एक दिवस गाडी मास्तरांच्या दारात बसली. हे एक निवृत्त गणिताचे मास्तर. आजाराने वाळून काडी झालेले, नसा दोऱ्यासारख्या. त्यांच्या बायकोने लॅबला निक्षून सांगितलं होतं, येईल तर सुईताईच. त्या दिवशी आत्याने एका टोचणीत काम केलं आणि खाली आली, तर ‘टक्’. मला ऑफिसला उशीर. आत्याच्या पेटीतला बर्फ पाणी होत चाललेला. शेवटी दोन वाटसरूंनी ढकलली तेव्हा सुरू झाली, पण ट्यूबा वाया गेल्या. मास्तरांना दुसऱ्या दिवशी पुन्हा टोचावं लागलं. त्यांनी हात पुढे केला आणि एवढंच म्हणाले, “ताई, माझ्यात आता इतकं शिल्लक नाही की दोनदा द्यावं.”

लॅबच्या मॅडमनी आत्याला केबिनमध्ये बोलावलं. बाहेर आली तेव्हा तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

“काय म्हणाल्या?”

“म्हणाल्या, तुमच्यासारखा हात मिळणार नाही. पण हात स्कूटरवरून आला तरी चालेल, वेळेवर आला पाहिजे. एक मुलगी बघून ठेवलीय. आणखी एकदा उशीर झाला की माझा भाग तिला.”

“मग आता?”

“आता काय. देवापुढे नाही, बॉनेटपुढे हात जोडायचे.”

त्यानंतरच्या बुधवारी, पुन्हा मास्तरांच्याच दारात, पुन्हा ‘टक्’. मी दार उघडून ढकलायला उतरले. आत्या उतरली नाही. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसून राहिली.

“आत्या, भुवईला फोन लावू?”

“थांब. तापाच्या माणसाला पहिलं काय विचारतात?”

“काय?”

“कधी येतो. कशाने उतरतो.” ती बोटांवर मोजायला लागली. “कधी येतो? सोमवारी कधीच नाही. मंगळवारी क्वचित. बुधवारनंतर हमखास. म्हणजे धक्के खाऊन खाऊन येतो. कशाने उतरतो? बॉनेट आपटल्याने. ढकलल्याने. म्हणजे काहीतरी हलतं आणि पुन्हा टेकतं. बरोबर?”

“पण मेकॅनिकने हात लावला की चांगली आठवडाभर...”

“तिघांनी तीन वेगळ्या गोष्टी बदलल्या, आणि तिन्ही वेळा गाडी बरी झाली. असं होतं का कुठे? मग तिघांनीही केलेली एकच गोष्ट कुठली?” तिने बॉनेटकडे बघितलं. मग हळू म्हणाली, “काहीही काढायच्या आधी बॅटरीची तार सोडतात. काम झालं की घट्ट पिळून लावतात.”

ती उतरली, बॉनेट उघडली, डोळे जवळजवळ मिटले आणि तारेवरून बोटं फिरवत गेली, दाबत दाबत, नस शोधते तशी. टोकाला, बॅटरीच्या खुंटीवर तारेची जी पट्टी आवळलेली असते, तिथे बोटं थांबली. तिने नुसता अंगठा लावला. पट्टी सैल अंगठीसारखी गर्रकन फिरली. दिवे लागतील इतकी ती टेकलेली होती. सेल्फला लागते तेवढी वीज मात्र तिच्यातून जात नव्हती.

“सापडलं!” मी ओरडलेच. “एवढंसं? आत्या, एवढंसंच होतं?”

आत्याला काहीच आनंद झाला नाही. ती फुटपाथच्या कडेवर बसली.

“ही सोमवारी कोण लावतं?” ती म्हणाली.

 मला एकदम आमच्या घरातला कप आठवला. आजोबांना चहा अर्धा कप द्यायचा, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. पूर्ण भरला तर सांडतो. त्यांच्या सदऱ्यांची बटणं काढून आईने टिचबटणं लावली होती. जेवताना त्यांचा उजवा हात थरथरला की सगळे आपापल्या ताटात बघायचे. आम्ही इतक्या शहाणपणाने त्या हाताकडे बघायचं टाळत होतो की त्या हातात पाना असतो, हेही बघायचं राहून गेलं. बाहेरच्या तीन माणसांकडून सबंध गाडी खोलून घेतली आणि घरातला हात झाकून ठेवला. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

आत्याने पट्टी तळहाताने जोर लावून खाली दाबून बसवली. गाडी सुरू झाली. लॅबमध्ये आम्ही धापा टाकत, पण वेळेत पोचलो. मॅडमनी घड्याळाकडे बघितलं आणि ट्यूबा मोजून घेतल्या. मास्तरांच्या घरून मात्र त्याच दुपारी लॅबला फोन आला होता. खिडकीतून त्यांनी गाडी पुन्हा बंद पडलेली पाहिली होती. यापुढे दुसरं कुणीतरी पाठवा, असा निरोप होता.

संध्याकाळी आत्या भुवईच्या गॅरेजवर गेली. मी बरोबर होतेच. भुवई एका गाडीखालून घसरत बाहेर आला.

“तार ढिली होती,” आत्या म्हणाली. “बॅटरीची.”

भुवईने हात पुसले. एक एक बोट, सावकाश.

“तुला माहीत होतं?”

“पहिल्याच दिवशी, ताई.”

“आणि सेल्फ बदललास?”

“सेल्फही म्हाताराच होता.”

“खोटं बोलू नकोस.”

“बरं, नाही बोलत.” त्याने फडकं खांद्यावर टाकलं. “उस्ताद माझ्या डोक्याशी उभे होते. काय म्हणायला हवं होतं? ‘उस्ताद, तुम्हाला आता साधा नट आवळता येत नाही’? एकदा चूक केली तर ही खूण मिळाली. त्यांची चूक काढली तर काय मिळालं असतं?”

“मला सांगायचंस. बाजूला घेऊन.”

“तुम्ही ऐकलं असतं?”

आत्या टायरांच्या चळतीवर टेकली.

“बॅटरीवाल्याने जाताना तुम्हाला सांगितलं होतं ना, म्हाताऱ्याला हात लावू देऊ नका म्हणून? त्यानेच मला सांगितलं. तुम्ही त्याला फाटकापर्यंत झापत नेलंत. माझ्या बाबांबद्दल बोलायचं नाही म्हणून.” तो हसला, आणि हसू पुन्हा रेघेपाशी अडकलं. “मग मी म्हटलं, त्यांचा मान राहू दे आणि माझं बिलही राहू दे.”

“माझं काम जाणार होतं.”

“मला काय ठाऊक. मला वाटलं, घरचं आहे, घरात मिटेल.”

रविवारी आत्याने एकदा प्रयत्न केला. आजोबा डगला चढवत होते.

“बाबा, आज तार नका काढू.”

“का?”

“असंच. राहू दे.”

“असंच? बस जळाली तेव्हा तिथला वॉचमनही ‘असंच राहू दे’ म्हणाला होता.”

“बरं, काढा. उद्या मी लावेन.”

आजोबांनी तिच्याकडे असं बघितलं की जणू तिने अजून फ्रॉकच घातलाय. “पान्याला जोर लागतो,” ते म्हणाले. “तू तुझ्या सुया सांभाळ.”

 सोमवारी पहाटे मी पाणी प्यायला उठले, तर आत्या स्वयंपाकघराच्या खिडकीशी अंधारात उभी. बाहेर आजोबा वाकलेले. डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरलेलं, तरी पाना बॅटरीवर वाजत होता, टकटकटकटक, दात वाजावेत तसा. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे उलटं होतं. पीळ होता, त्याला सुंभच उरला नव्हता.

“जा ना,” मी कुजबुजले. “हातातून घे.”

“त्या हातातून मला आजवर काय मिळालंय, की आता पाना मिळेल?” असं म्हणून ती बर्फ काढायला लागली.

त्या दिवशी गल्लीच्या कोपऱ्यावर वळल्याबरोबर तिने गाडी थांबवली, पिशवीतून दहा नंबरचा पाना काढला आणि बॉनेट उघडून नट आवळला. दोन झटके. कुठल्याही बाईच्या हातात असतो तेवढा जोर.

मग हे दर सोमवारचं झालं. गाडी पुन्हा कधी बंद पडली नाही. लॅबच्या मॅडमनी त्या स्कूटरवाल्या मुलीला दुसरा भाग दिला. मास्तरांचं घर मात्र आता त्या मुलीकडे गेलं.

“सांगून टाक ना एकदा,” एका सोमवारी मी कोपऱ्यावर म्हटलं. “किती दिवस चोरासारखी थांबणार? दया येते का त्यांची?”

“दया आली असती तर बरं झालं असतं गं. दयेने माणूस मऊ तरी पडतो.” तिने बॉनेट बंद केली, न आपटता. “सांगितलं तर दोनच गोष्टी होतील. ते म्हणतील पोरगी उलट बोलली. किंवा त्यांना पटेल आणि ते रडतील. मला त्यांच्याकडून दोन्हीही नकोय. आता नकोय.”

आणि परवा भुवई घरी आला. दुसऱ्याच कुणाच्या गाडीसाठी सल्ला हवा होता म्हणे. खरं तर त्याला बघायचं असावं, घरचं घरात मिटलं की नाही ते. आजोबा खुलले. पुढच्या खोलीत खुर्ची टाकून बसले आणि अर्धा कप दोन्ही हातांत धरून डेपोच्या गोष्टी सुरू केल्या.

“बॅटरी बदलली, चावी बदलली, तू सेल्फ बदललास. काय झालं? शेवटी मीच तारेला नीट हात लावला. घासून, पुसून, पिळून. तेव्हापासून बंद पडली का? विचार तिला.”

भुवई आत्याकडे बघत नव्हता. “उस्ताद ते उस्ताद,” तो म्हणाला.

“मेकॅनिकला हात लागतो. डोकं नंतर.” आजोबांचा कप बशीवर वाजायला लागला. ते त्यावर आवाज चढवून म्हणाले, “मुलगा असता तर त्याला शिकवून ठेवला असता हा हात. आता माझ्याबरोबरच जायचा.”

आत्या दाराशी पेटीत ट्यूबा मोजून ठेवत होती. झाकणांचे रंग जुळवत होती, लाल, जांभळा, करडा. तिच्या पिशवीत सुयांच्या पाकिटाला लागूनच तो दहाचा पाना होता. मला दिसत होता. भुवईलाही दिसला असावा, कारण तो एकदम चहा प्यायला लागला.

“काय गं,” आजोबांनी हाक मारली. “बोल की. घाबरतेस कशाला? सांग याला, गाडी कुणाच्या हाताने बरी झाली?”

आत्याने पेटीचं झाकण लावलं. कडी बसली का ते अंगठ्याने दाबून बघितलं.

“ऐकतेस ना? कुणाच्या हाताने?”

तिने खुंटीवरची चावी घेतली, पेटी उचलली, आणि दार न आपटता बाहेर निघून गेली.